रूट कॅनल फसलं म्हणून लगेच दात काढू नका

दुसरबीड, किनगाव राजा, मलकापूर पांग्रा, साखरखेर्डा, बिबी या पट्ट्यातल्या माणसांसाठी हे लिहितो आहे. घरात कुणाच्या तरी दाढेचं रूट कॅनल चार-पाच वर्षांपूर्वी जालन्याला, मेहकरला नाहीतर चिखलीला झालेलं असतं. मधली वर्षं शांततेत जातात. मग त्याच दाढेच्या मुळाशी हिरडीवर मुगाच्या दाण्याएवढी पुळी येते. दाबली की पू निघतो, तोंड खारट होतं, दोन दिवसांत पुळी बसते. महिन्याभराने पुन्हा तिथेच येते. घरातले म्हणतात, पैसे पाण्यात गेले, आता काढूनच टाक. आणि दाढ काढली जाते.

त्या दाढेला अजून दोन वाटा शिल्लक होत्या, हे त्या घराला कुणी सांगितलेलं नसतं. पहिली वाट म्हणजे तेच रूट कॅनल उघडून पुन्हा नीट करणं. दुसरी म्हणजे दाताला वरून हात न लावता हिरडीच्या बाजूने हाडात जाऊन मुळाचं सडकं टोक कापायचं आणि तिथून मूळ बंद करायचं. या शस्त्रक्रियेला दंतवैद्य एपिकोएक्टॉमी म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रेस्लाउ शहरात कार्ल पार्च यांनी ती पद्धतशीरपणे करायला सुरुवात केली होती, म्हणजे हा काही कालचा प्रयोग नाही. आपल्याकडे ती होत नाही याचं मोठं कारण हे की पेशंट विचारत नाही. त्याला काढायचीच घाई असते, आणि दात काढणं दहा मिनिटांचं काम असतं.

आधी त्या पुळीबद्दल. ती दुखत नाही, म्हणून लोक तिला वर्षानुवर्षं सांभाळतात. दुखत नाही याचा अर्थ बरं आहे असा नाही. रूट कॅनलमध्ये दाताची नस काढून टाकलेली असते, त्यामुळे दात स्वतः ठणकत नाही. जंतू मुळाच्या टोकाबाहेर हाडात असतात. तिथे साचणाऱ्या पुवाला हिरडीतून वाट सापडली की दाब सुटतो, आणि दाब सुटला की ठणका राहत नाही. पण आत हाड विरघळत असतं. एक्स-रे काढला तर मुळाच्या टोकाभोवती काळा डाग दिसतो, तो हाड नाहीसं झाल्याचा. पुळी नेमकी कोणत्या दाताची हेही डोळ्यांनी ठरवू नये. चांगला डॉक्टर त्या छिद्रात गटापर्चाची, म्हणजे रूट कॅनल भरायला वापरतात त्या रबरासारख्या द्रव्याची, बारीक काडी सरकवतो आणि एक्स-रे काढतो. काडीचं टोक ज्या मुळाशी पोचतं, तो दोषी दात. कधी शेजारचाच निघतो, आणि निष्कारण भलती दाढ काढली जाण्यापासून माणूस वाचतो.

रूट कॅनल फसतं कशामुळे? एक्स-रेमध्ये दाताची नळी सरळ रेघेसारखी दिसते, पण प्रत्यक्षात मुळाच्या शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये तिला फाटे फुटलेले असतात. शेताच्या टोकाला पाटाचं पाणी बारीक दांडांत वाटलं जातं, तसे. मुख्य पाट साफ झाला तरी एखाद्या दांडात घाण राहू शकते, आणि तिथे नळी घासायची कोणतीही फाइल, म्हणजे बारीक कानस, पोचत नाही. शिवाय काही नळ्या सापडतच नाहीत. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेच्या पुढच्या बाहेरच्या मुळात अर्ध्याहून जास्त माणसांना एक जादा नळी असते. ती अतिशय बारीक असते, आणि भिंगाशिवाय किंवा मायक्रोस्कोपशिवाय हुकणं सोपं असतं. कधी फाइलचा तुकडा मोडून आत राहतो. नुसत्या तुकड्यामुळे दात जातोच असं नाही, पण त्याच्या पुढचा भाग साफ न झाल्याने त्रास होऊ शकतो. तेव्हा रूट कॅनल बिघडलं की आधीच्या डॉक्टरला शिव्या देत बसू नका. कधी चूक त्याची असते, पुष्कळदा दाताची रचनाच अवघड असते.

आणि एक कारण मात्र पूर्णपणे आपल्या हातातलं आहे: कॅप न बसवणं. नस काढली, दुखणं थांबलं, की लोक पुन्हा जात नाहीत. सोयाबीन निघाली की बसवू, कापूस विकला की बसवू, असं करत वर्ष जातं. तोपर्यंत वरचं तात्पुरतं सिमेंट झिजतं, लाळ आत झिरपते, साफ केलेल्या नळ्यांत जंतू परत शिरतात, किंवा दाढ भाकरीच्या कडक पोपड्यावर उभी चिरते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, रूट कॅनलनंतर कॅप न बसवलेले दात कॅप बसवलेल्यांपेक्षा सहापट वेगाने गमावले गेल्याचं आढळलं. दाढेचं रूट कॅनल करणार असाल तर कॅपचे पैसे आधीच बाजूला ठेवा. ते जमत नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. निदान मजबूत पक्कं फिलिंग तरी लगेच करून घ्या.

आता मूळ उभं चिरलं असेल तर काय, ते सांगतो, कारण खोटी आशा देणं मला पटत नाही. अशा दाताला ना दुसरं रूट कॅनल वाचवतं, ना शस्त्रक्रिया. हिरडीच्या एकाच ठिकाणी डॉक्टरची मोजपट्टी अचानक खोल जाते, चावताना एका विशिष्ट कोनात कळ येते. हिरडी थोडी उघडून पाहिल्यावर चीर दिसली, तर दात काढणंच योग्य. तसंच दाताचा वरचा भाग इतका किडला असेल की त्यावर कॅप बसूच शकत नाही, किंवा हिरडीच्या जुन्या आजाराने दात हलत असेल, तर मुळाच्या टोकावर मेहनत करून उपयोग नाही. डॉक्टरने काढा म्हटलं आणि कारण यांपैकी सांगितलं, तर ऐका.

बाकीच्या बहुतेक वेळा पहिला विचार पुन्हा रूट कॅनल करण्याचा असावा. जुनं गटापर्चा काढून, हुकलेली नळी शोधून, नीट साफ करून परत भरलं की पुष्कळ दात बरे होतात, आणि कापाकाप टळते. शस्त्रक्रियेची पाळी येते ती वरून जाता येत नाही तेव्हा. दातात धातूचा जाड खिळा बसवलेला असतो आणि तो उपटताना मूळच फुटेल अशी भीती असते. तो दात एखाद्या लांब ब्रिजचा खांब असतो आणि ब्रिज फोडणं परवडत नाही. मोडलेला तुकडा अगदी टोकाशी अडकलेला असतो. किंवा दुसऱ्यांदा नीट रूट कॅनल होऊनही डाग मोठाच होत राहतो, कारण जंतू मुळाबाहेर घर करून बसलेले असतात किंवा तिथे गाठ झालेली असते.

शस्त्रक्रिया म्हटलं की माणूस दचकतो, म्हणून ती कशी होते ते सांगतो. पूर्ण भूल लागत नाही. दात काढताना देतात तेच इंजेक्शन हिरडीत देतात, माणूस जागा असतो, बोलू शकतो. हिरडीला बारीक छेद देऊन ती पापुद्र्यासारखी उचलतात. खालच्या हाडात छोटी खिडकी करतात. पुष्कळदा जंतूंनी ती आधीच केलेली असते. टोकाभोवतीचं खराब मांस खरवडून काढतात आणि मुळाचं साधारण ३ मिलिमीटर टोक कापतात. तीनच का, तर ते बारीक फाटे बहुतांश याच शेवटच्या भागात असतात. मग अल्ट्रासॉनिक कंपनांवर चालणाऱ्या बारीक टोकाने मुळाच्या आत आणखी ३ मिलिमीटर खोल खाच करतात आणि ती औषधी सिमेंटने बंद करतात. हिरडी जागेवर ठेवून टाके घालतात. दाताप्रमाणे पाऊण ते दीड तास लागतो. काढलेलं मांस तपासणीसाठी लॅबला पाठवायला सांगा. बहुतेक वेळा साधी सूज किंवा साधी गाठ निघते, पण क्वचित दुसरंच काही निघतं, आणि ते लवकर कळलेलं बरं.

त्या सिमेंटबद्दल थोडं. पूर्वी खाचेत चांदी, म्हणजे पाऱ्याचं मिश्रण भरत. ते कालांतराने गळायचं. १९९३ साली अमेरिकेतल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी एमटीए नावाचं द्रव्य पुढे आणलं. घर बांधायच्या पोर्टलँड सिमेंटच्याच कुळातलं, पण शुद्ध केलेलं आणि एक्स-रेत दिसावं म्हणून त्यात बिस्मथ मिसळलेलं. ते ओलाव्यात घट्ट होतं, आणि हिरडीच्या आत रक्त-पाण्यात काम करताना तोच गुण लागतो. आता याच जातीची बायोसिरॅमिक नावाची नवी द्रव्यंही आली आहेत. मायक्रोस्कोप किंवा मोठं भिंग, कंपनांची हत्यारं आणि ही सिमेंटं या तीन गोष्टींनी निकाल पालटला. २०१० साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका पाहणीत जुन्या पद्धतीचं यश ५९ टक्के आणि नव्या पद्धतीचं ९४ टक्के दिसलं. म्हणून तुमच्या काकांचं अशा शस्त्रक्रियेनंतर वीस वर्षांपूर्वी काय झालं, यावरून आजचा निर्णय घेऊ नका. मात्र डॉक्टरला नक्की विचारा: तुम्ही भिंग वापरता का, आणि टोकाला काय भरता?

कोणता दात, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. समोरचे वरचे दात सगळ्यांत सोपे, तिथे हाड पातळ आणि हात सहज पोचतो. वरच्या दाढांच्या मुळांशी गालाच्या हाडातली पोकळी असते, ती उघडू नये म्हणून जपावं लागतं. खालच्या मागच्या दाढा अवघड: हाड जाड, आणि खालून ओठाला संवेदना देणारी नस जाते. ती दुखावली तर ओठ, हनुवटी बधिर राहू शकते, बहुधा काही काळ, क्वचित कायम. अशा दाताआधी सीबीसीटी नावाचा तीन बाजूंनी दिसणारा स्कॅन काढायला सांगितला तर तो फुकटचा खर्च समजू नका. त्यात मूळ आणि नस यांतलं अंतर मोजता येतं.

आपल्या विदर्भातली एक अडचण मला विशेष जोर देऊन सांगायची आहे. खर्रा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी-तंबाखू-चुन्याचा खर्रा पानटपरीवर घोटला जातोच. सुपारीने गालाची आतली कातडी घट्ट, पांढरी होते आणि तोंड उघडणं कमी कमी होत जातं. स्वतःची तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांच्या मधे जातात का बघा. जात नसतील, तर मागच्या दाढेची शस्त्रक्रिया तर सोडाच, रूट कॅनलही नीट होत नाही, कारण हत्यार आत शिरायला जागाच नसते. ज्यांना तिखट लागलं की तोंडाची आग होते, त्यांनी आजच खर्रा सोडावा आणि दाताच्या आधी तोंड दाखवावं. हा आजार पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतो. जे तंबाखू मळतात किंवा बिडी ओढतात, त्यांची जखम उशिरा भरते. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर काही आठवडे तरी सगळं बंद असलं पाहिजे, आणि एकदा बंद केलं की परत कशाला सुरू करायचं?

आजार लपवू नका. साखरेचा आजार असेल तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करून मगच तारीख घ्या. हार्टसाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. दाताच्या रक्तस्रावापेक्षा हृदयात गुठळी होणं कितीतरी वाईट. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलू द्या. नुकताच हार्टचा झटका येऊन गेला असेल, बाई गरोदर असेल, हाडं मजबूत करणारी किंवा कॅन्सरमधली इंजेक्शनं घेतली असतील, तर हे पहिल्याच भेटीत सांगा. त्या इंजेक्शनांनंतर नुसता दात काढला तरी जबड्याचं हाड भरून येत नाही, असं घडू शकतं.

शस्त्रक्रियेनंतर घरी आल्यावर पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ फडक्यात गुंडाळून थोड्या थोड्या वेळाने लावायचा. शेकायचं नाही. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दिसते, तिला घाबरू नका. पण तिसऱ्या दिवसानंतरही ती वाढतच गेली, ताप आला, तर फोन करा. ओठ उचलून आरशात टाके बघायचा मोह आवरा, त्याने टाके सुटतात. मऊ भात, कोमट वरण, दही, केळी. ठेचा आणि कडक भाकरी आठवडाभर नको. जखमेच्या जागी ब्रश न लावता डॉक्टरने दिलेल्या औषधाच्या गुळण्या करायच्या, बाकी दात रोजच्यासारखे घासायचे. टाके तीन दिवस ते आठवड्याभरात काढतात. दोन-तीन दिवसांत बरेचजण हलक्या कामाला लागतात, पण फवारणी, नांगरणी, गोण्या उचलणं आठवडाभर टाळा. अँटिबायोटिक प्रत्येकाला लागतंच असं नाही. मेडिकलवरून मागून घेऊ नका, आणि दिलं असेल तर मधेच सोडू नका.

आता जायचं कुठे? दुसरबीड मुंबई-नागपूर मार्गावर आहे, ही आपली सोय. एमडीएस, त्यातही कॉन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्री आणि एंडोडॉन्टिक्स या विषयात शिकलेला डॉक्टर हे काम करतो. बीडीएस डॉक्टर पहिली तपासणी आणि एक्स-रे करून तुम्हाला योग्य जागी पाठवू शकतो, त्याला तसं सांगा, संकोच करू नका. छत्रपती संभाजीनगरला १९८२ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. जालन्याच्या पुढे, दुसरबीडपासून साधारण शंभर-सव्वाशे किलोमीटर, सकाळी निघालं तर संध्याकाळी परत येता येतं. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय त्याहून जुनं, १९६८ चं. अकोला, अमरावती आणि वर्ध्याजवळच्या सावंगीलाही दंत महाविद्यालयं आहेत. कॉलेजात शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या नजरेखाली काम करतात, दर खासगीपेक्षा बरेच कमी असतात. वेळ जास्त लागतो, चकरा जास्त पडतात, हे खरं. पण ज्याच्याकडे पैसा कमी आणि शेतीचा हंगाम संपलेला आहे, त्याने ही वाट धरावी. बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयातही दंतविभाग आहे, निदान तिथून सुरुवात करता येते.

जाताना जुने एक्स-रे आणि जुनी चिठ्ठी बरोबर न्या. बहुतेकांकडे ती नसते, म्हणून रूट कॅनल केलेल्या डॉक्टरकडून शेवटच्या एक्स-रेची प्रत मोबाइलमध्ये तरी मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. तिथे गेल्यावर विचारायचं: रूट कॅनल कशामुळे फसलं? मूळ चिरलंय का? पुन्हा रूट कॅनल शक्य आहे का, नसेल तर का नाही? माझ्या दाताला शस्त्रक्रियेनंतर टिकण्याची शक्यता किती? एकूण खर्च किती, आणि त्यात स्कॅन, लॅब, पुढच्या भेटी धरल्या आहेत का? सगळं लिहून घ्या. उत्तर पटलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या, त्यात कुणाचा अपमान नाही. दात काढून इम्प्लांट बसवण्याचा खर्च सहसा या शस्त्रक्रियेपेक्षा जास्त येतो, आणि काढून रिकामी जागा तशीच ठेवली तर शेजारचे दात कलतात, समोरचा दात जागेत उतरतो, चावणं एका बाजूला जातं. स्वस्तात सुटलो असं वाटतं, ते काही वर्षंच.

आठवडी बाजारात नळी लावून दातातली कीड काढून दाखवणारे बसतात, रिंगणीच्या बियांची धुरी देणारे असतात. दातात अळ्या नसतात. त्या नळीतून पडतात त्या दाखवण्यासाठी आधीच ठेवलेल्या असतात किंवा बियांचेच भाग असतात. नोंदणी नसलेल्याने दातांवर उपचार करणं कायद्याने गुन्हा आहे. दुखऱ्या हिरडीवर गोळी चुरून ठेवणं, तंबाखू दाबणं यानेही हिरडी भाजते, आतला पू तसाच राहतो. आणि वरचा दात काढला की नजर जाते, ही भीतीही खोटी. डोळ्याची नस वेगळी, दाताची वेगळी. म्हणून काढायची वेळ खरंच आली तर त्या भीतीने थांबू नका.

एक वेळ मात्र अशी असते की रूट कॅनल, शस्त्रक्रिया हे सगळे विचार बाजूला ठेवायचे. जबड्याखाली किंवा जिभेखाली कडक सूज येते, तोंड उघडत नाही, गिळताना त्रास होतो, आवाज जाड होतो, श्वास लागतो, किंवा गालाची सूज चढून डोळा मिटतो. त्या वेळी सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा आणि मोठ्या रुग्णालयात पोचा. दाताचा पू गळ्यात उतरून माणूस दगावतो, हे आजही घडतं.

ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्यांनी सहा महिन्यांनी आणि वर्षाने एक्स-रेसाठी जायचंच आहे. हाड हळूहळू भरतं, आणि ते भरतंय की नाही हे दुखण्यावरून कळत नाही, एक्स-रेवरूनच कळतं. ज्यांच्या हिरडीवर आज ती पुळी आहे, त्यांनी पेरणी, काढणी, लग्नसराई काहीही मधे न आणता येत्या आठवड्यात एक्स-रे काढून घ्या. आणि डॉक्टरने काढा म्हटलं तर खुर्चीवरून उठण्याआधी एकदा विचारा: डॉक्टर, हा दात वाचवता येईल का?